साहेब हरवले म्हणे

शुक्रवार, १२ जुलै १९६३

नाही म्हणायचं ठरवून गेले आणि हो म्हणून आले. हेडबाई विमलताईंनी सगळ्या मास्तरणींसमोर विचारलं, तिथे काय बोलणार? "बेबी, तुझंच इंग्रजी त्यातल्या त्यात बरं. शाळा सुटली की डाक बंगल्यावर जात जा. त्या बाईंशी बोलायला कोणी नाही."

बाई म्हणजे आयलाबाई. नवरा साल्मेला साहेब. कागद गिरणीसाठी आपल्याकडचा बांबू पाहायला आलेत — आर्णीपासून पार पैनगंगेपर्यंतचं जंगल. देश फिनलंड. शाळेच्या नकाशात शोधला. अगदी वर, कडेला, जिथे नकाशा नेहमी फाटतो तिथे.

आणि बाईंना इंग्रजी येतच नाही! चार-दोन शब्द, बस. साहेबांना येतं, पण ते दिवसभर जंगलात. मग माझं इंग्रजी घेऊन मी तिथे काय करू? त्यांच्याकडे जाडजूड डिक्शनरी आहे, पुढे इंग्रजी-फिनिश, मागे फिनिश-इंग्रजी. मी माझ्या शब्दावर बोट ठेवते, त्या त्यांच्या. तासभर असाच संसार केला.

खानसामा बबनरावांनी चहा दिला. माझा कप वेगळा. पिऊन झाल्यावर मीच विसळून खिडकीत उपडा ठेवला. बुद्धाची दीक्षा घेऊन सात वर्षं होत आली, पण बबनरावांनी कुठे घेतलीय.

गुरुवार, १८ जुलै

आज माझं नाव समजलं तेव्हा आयलाबाई हसल्या. बेबी म्हणजे तान्हं मूल ना? मग डिक्शनरीत 'टीचर' काढून माझ्याकडे बोट, आणि 'बेबी' काढून माझ्याकडे बोट. हसता हसता डोळ्यांत पाणी. मला राग यायला हवा होता. आला नाही. किती दिवसांनी कोणी माझ्यासोबत असं हसलं!

त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' वेगळे नाहीत. दोघांनाही 'हॅन'. नवऱ्यालाही हॅन, बायकोलाही हॅन. मी म्हटलं, आमच्याकडे तर दगड पुल्लिंगी आणि वीट स्त्रीलिंगी. त्यांना काही केल्या खरं वाटेना.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बेबी, जाय, पन अंधारायच्या आत घरी ये. लोकाइले बोलाले काही लागत नाही." बाबा पूर्वी असं बोलत नसत. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले तेव्हापासून बोलतात.

सोमवार, २९ जुलै

आर्णीत आज दुसरी गोष्ट नाही. आयलाबाई काल अरुणावतीत पोहल्या. पूर्ण कपड्यांनिशी, पण पोहल्या, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि अख्खं गाव काठावर उभं. शाळेत बेबीताई-बेबीताई करून पोरींनी मला घेरलं. मी काय सांगणार, मी तर नदीत घोट्याच्या वर कधी गेले नाही.

मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे तळीच तळी. चालायच्या आधी पोहतो. एरो तर माझ्यापेक्षा चांगला पोहतो. एरो म्हणजे साहेब. नवऱ्याचं नाव बिनदिक्कत घेतात.

साहेब आज लवकर आले. सोबत वाटाड्या धावजी, पलीकडच्या बंजारा तांड्यातला. साहेबांना मराठी येत नाही, धावजीला गोर बोली आणि मोडकी मराठी, पण दोघं पायरीवर बसून बांबूचे तुकडे समोर ठेवून तासभर बोलत होते. एक बोले, दुसरा मान हलवे. डिक्शनरी आत पडलेली. आयलाबाईंनी मला खुणेनं दाखवलं — बघ, यांना लागत नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट

पाऊस. शाळा बंद. पऱ्हाटीच्या शेतांत गुडघाभर पाणी म्हणतात.

शनिवार, १० ऑगस्ट

साहेब गुरुवारी जीपनं गेले, अजून आले नाहीत. सोबत धावजी, गाडीवर घनश्याम. बबनराव म्हणतात, "नाले चढले असतीन. तिकडंच कोन्या गावात थांबले असतीन." सगळे हेच म्हणतात. मीही हेच म्हटलं. डिक्शनरीत 'वेट' काढून दाखवलं. आयलाबाईंनी मान हलवली आणि विणकाम हातात घेतलं. एकच ओळ विणत होत्या, उसवत होत्या.

सोमवार, १२ ऑगस्ट

काय करून बसले मी.

दुपारी यवतमाळहून जंगल खात्याचे मोठे साहेब आले. मद्रासकडचे, मराठी जेमतेम. टोपी हातात. आयलाबाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. मोठे साहेब त्यांच्याकडे न बघता माझ्याशी इंग्रजीत बोलले. "वुई हॅव लॉस्ट हिम. टेल हर. जेंटली." मग म्हणाले, काल बॉडी मिळाली, यवतमाळच्या दवाखान्यात आहे, उद्या सकाळी ट्रकनं इथे आणू. हे इतकं भरभर, इतकं खालच्या आवाजात, की आयलाबाईंना एक अक्षर कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी डिक्शनरी उघडली. लूज. पुढे तीन शब्द. पहिला घेतला. का घेतला? पहिला होता म्हणून. शाळेत पोरींना घोकून घेते — लूज म्हणजे हरवणे, हरणे, गमावणे, अर्थ संदर्भावरून घ्यावा. आणि मी स्वतः पहिला उचलला. त्यांनी शिकवलेलं व्याकरण लावून वाक्य नीट बनवलं, अगदी नीट. "मे कादोतिम्मे हॅनेत." ते आमच्याकडून हरवले.

आयलाबाईंचा चेहरा पांढरा झाला, आणि मग — कसं लिहू — मग त्यात जीव आला. "मिस्सॅ?" कुठे? "एत्सिकॅ!" शोधा! आणि आत पळाल्या. बूट घालून, साहेबांचा मोठा रेनकोट चढवून बाहेर. मोठे साहेब म्हणाले, "ब्रेव्ह लेडी." त्यांना वाटलं, कळलं. सुटल्यासारखे गाडीत बसले आणि गेले.

मला तेव्हाच समजलं. त्यांच्या पाठोपाठ पळताना समजलं. हरवलेला माणूस वेगळा आणि गेलेला वेगळा. मी त्यांना हरवलेला दिला.

नदीपर्यंत त्या थांबल्या नाहीत. काठानं चालत, "एरो! एरो!" पाण्याचा आवाज केवढा, त्यात तो आवाज. मध्येच माझ्याकडे वळून बोलायच्या. सगळं कळत नव्हतं, पण हातवारे कळत होते. तो पोहतो. तो बाहेर आला असेल. जंगलात वाट चुकला असेल. धावजी आहे ना सोबत, धावजीला वाटा माहीत आहेत. आणि हसत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, दोनदा उघडलं. त्या माझा हात धरून पुढे ओढत होत्या.

काठावर लोक जमले. बाजाराचा दिवस, तांड्यावरच्या बायाही होत्या. कोणीतरी विचारलं, काय झालं हो मास्तरीणबाई? आयलाबाईंना आता मराठी थोडं कळतं. त्या शेजारी उभ्या. मी म्हटलं, "साहेब हरवले."

अंधार पडायच्या आत बाबा छत्री घेऊन शोधत आले. आयलाबाईंना बबनरावांनी हात जोडून परत नेलं. मी घरी आले, डिक्शनरी सोबतच आली होती. दुसरा शब्द — मेनेत्तॅ, गमावणे. हा होता. पहिल्याच्या खालीच होता.

उद्या ट्रक यायच्या आत सांगायचं. मला कोणी सांगितलं नव्हतं. राळेगावला सासरी निघाले होते, एसटीतून उतरले तर माणसं माझ्याशी बोलेनात, रस्ता देत बाजूला सरकत होती. घरात पाय ठेवला आणि सासूनं दोन्ही मनगटं धरून उंबऱ्यावर आपटली. बांगड्या फुटल्या, तेव्हा मला कळलं की माझा नवरा तापात गेला. दीक्षा घेतलेली माणसं आम्ही, तरीही. एक शब्द कोणी बोललं नाही.

आयलाबाईंना मी तोंडानं सांगेन. असं मी तेव्हापासून म्हणत आलेय की कोणालाही तोंडानंच सांगावं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

सांगितलं.

सकाळी गेले तर त्या बूट घालून व्हरांड्यात तयार. शेजारी पिशवी. पिशवीत पाव, उकडलेले बटाटे आणि साहेबांचे कोरडे मोजे. मला बघून उठल्या — चल.

लूज-बिज काही नाही. घरी 'डेड' हा शब्द काढून ठेवला होता. त्याला दुसरा अर्थ नव्हता. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "एरो ओन कुओल्लुत."

त्या म्हणाल्या, "मिक्सि?" का? मला वाटलं विचारतात, का मेला. मी म्हटलं, पाणी. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. माझ्या छातीवर बोट टेकवलं. काल. काल का नाही सांगितलंस?



त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. पिशवी तिथेच. मी आणि बबनराव दोघं व्हरांड्यात. बबनरावांनी चहा आणला. कोणत्या कपात ते मी पाहिलं नाही, त्यांनीही पाहिलं नसेल.

ट्रक आला तेव्हा दार उघडलं. साडी नव्हे, पण साडीसारखा लांब निळा झगा, केस विंचरलेले. ट्रकवर चढायला कोणाचा हात घेतला नाही. चादर बाजूला केली.  मग साहेबांच्या केसांत अडकलेलं बांबूचं पान काढलं, आणि त्याचं काय करावं हे न सुचून हातातच धरून राहिल्या.

रडल्या नाहीत. खाली जमलेल्या बाया म्हणत होत्या, रडत काहून नाही ही?

बुधवार, १४ ऑगस्ट

यवतमाळला ख्रिश्चनांच्या दफनभूमीत पुरलं. पाद्रीबाबा इंग्रजीत बोलले. मी एकही शब्द फिनिशमध्ये केला नाही. त्यांनी विचारलंही नाही. येताना गाडीत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

घनश्याम आला होता, डोक्याला पट्टी. दवाखान्यातून सरळ बंगल्यावर. आयलाबाई आत होत्या. माझ्याशी बोलला, मागच्या ओट्यावर.

"धावजी म्हने, थांबू, पानी उतरन. साहेबानं घड्याळ दाखवलं, म्हने मॅडम वेट, मॅडम वेट. मी गाडी घातली, बाई. मधातच बंद पडली आन पलटली. मी झाडाले अटकलो. साहेब तर निंगाले होते! हात मारत मारत काठाले लागले, मी पाह्यलं ना या डोयांनी. धावजीले पोहता येत नोतं. तो वाहून राह्यलता. तं साहेब वापस फिरले. त्याचं धोतर धरलं. मंग सोडलंच नाही."

"मग?"

"मंग काय. दोघंई गेले. साहेब घावले खालच्या वळनावर. धावजी नाही घावला. पैनगंगेत गेला असंल, आता कायचा घावते."

तो रडत होता. मी म्हटलं, तुझा दोष नाही. खरंच नाही की काय, कोण जाणे.

'मॅडम वेट' एवढं सोडून सगळं आयलाबाईंना सांगायचं ठरवलंय. त्या सारख्या एकच म्हणत असतात बबनरावांपाशी, मोडक्या मराठीत — एरो पोहते, एरो पोहते.

शनिवार, १७ ऑगस्ट

आज जमलं नाही. नागपूरहून माणूस आला, सामान, कागद, विमान. आयलाबाई बुधवारी सकाळी जाणार. फाटकापाशी अजून लोक येऊन बसतात, मेमसाहेब दिसते का बघायला. बबनराव हाकलतात. एक-दोघी तर सांज झाली तरी उठत नाहीत.

सोमवार, १९ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर गेले. आयलाबाईंनी स्वतः हाक मारली. "बेबी." शेजारी बसायला जागा केली.

मी सांगितलं. अर्धं डिक्शनरीनं, अर्धं हातांनी. जीप. झाड. एरो काठाला आला. एरो परत गेला. धावजी. धोतर. इथे माझे शब्द संपले, म्हणून मी माझ्याच पदराचं टोक मुठीत गच्च धरलं आणि सोडलं नाही.

आता रडल्या. सहा दिवसांनी. आवाज न करता, माझ्या खांद्याला टेकून, आणि त्यांच्या केसांना पावसात भिजलेल्या लोकरीचा वास. मीही रडले. साहेबांसाठी रडले की माझ्या माणसासाठी, सांगता येत नाही. त्याच्या वेळी रडूच आलं नव्हतं, नुसतं मनगटातून रक्त आलं होतं.

मग मी म्हटलं, 'कादोत्ता' हा पहिला शब्द चुकीचा. माझी चूक. त्यांनी डिक्शनरी घेतली, तेच पान काढलं. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, आणि हात कपाळावर धरून दूर शोधल्यासारखं केलं. दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, आणि हात मांडीवर ठेवून दिला. पहिल्याला शोधतात. दुसऱ्याला शोधत नाहीत. मला वाटलं, रागावतील. पण त्या म्हणाल्या, मराठीत, "एक दिवस." पुन्हा म्हणाल्या, "एक दिवस एरो होता. तू दिला." मी चुकून दिलेल्या त्या एका दिवसाचं त्या असं म्हणतील हे माझ्या मनातही नव्हतं. त्यांनी क्षमा केली की अजून काही, मला कळलं नाही. विचारण्याइतकी भाषा आमच्यात नाही.

मी उठणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं. "धावजी. बायको आहे?"

 इतके दिवस मी धावजीच्या घरचं कोणालाच काही विचारलं नव्हतं.

म्हटलं, माहीत नाही. उद्या विचारते.

मंगळवार, २० ऑगस्ट

बबनरावांना विचारलं. त्यांनी फाटकाकडे हात केला. "ते काय, लालीबाई. त्याचीच बायको. बाजाराच्या दिशीपासून बसते. मले वाटलं, सांगतलं असंल कोनी."

मी जाऊन तिच्यासमोर बसले. तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"आली का, मास्तरीणबाई. त्या दिशी नदीवर तुमीच सांगतलं ना, साहेब हरवले म्हनून. मंग माह्या घरवाला त्याइलेच शोधून राह्यला असंल. साहेब घावले, हे त्याले कोनी सांगतलंच नसंल. तुमाले साऱ्याइची बोली येते. तेवढा निरोप धाडा त्याले — आता शोधू नको, घरी ये म्हना."